दोन मालकांची पेटी

कूलरमध्ये नवं गवत भरलं की जो ओला वास सुटतो, तो मला सोसत नाही. आमच्या अमरावतीत चैत्र लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात. जाळ्यांतलं जुनं काळं पडलेलं गवत फेकतात, नवं पिवळं दाबून भरतात, टाकीत पाणी सोडतात, आणि सारं घर त्या वासानं भरून जातं. लोक डोळे मिटून म्हणतात, अहाहा. मी मात्र उठून अंगणात जातो. ज्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ नामदेव भर दुपारी माझ्या घरून उठून गेला, त्या दुपारी घरात हाच वास होता. आणि यंदा मी ती पेटी उघडून बसलो तेव्हाही हाच.

पेटी म्हणजे कॉम्प्युटर. टीव्हीसारखी ढेरी सुटलेला, पांढऱ्याचा पिवळा पडलेला. माझी पोरगी कांता कॉम्प्युटरचा कोर्स करत होती, तेव्हा बंद होणाऱ्या एका झेरॉक्सच्या दुकानातून मी तो आणला. सायकल रिक्षात मांडीवर धरून आणला. गल्लीतली माणसं पाहायला जमली. मोगरा अन् पालेभाजी लावणाऱ्या माळ्याच्या घरात कॉम्प्युटर! मी चौथीपर्यंत शिकलो. पण मळ्यातल्या मोटारपंपाचा स्टार्टर मीच उघडत आलो, मिस्त्रीला कधी हात लावू दिला नाही. तेव्हा ही पेटीही मीच उघडायचो. चार पेच आणि एक पत्रा, त्यात घाबरण्यासारखं काय?

घाबरलो ते यंदा.

पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी मोगरा तोडून नुकताच घरी आलो होतो, अंगाला वास तसाच होता. अकोल्याहून कांताचा फोन. ती अकोल्यालाच दिली आहे, काकाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

"बाबा, काकाले लकवा मारला."

दुसऱ्या दिवशी गेलो. नामदेव खाटेवर होता. उजवा हात आणि पाय लाकडासारखा. ते एक वेळ पाहवलं. पण वाचा गेली होती, ते पाहवेना. चाळीस वर्षं या माणसानं अकोल्यात भाजीची हातगाडी फिरवली. तो गल्लीच्या तोंडाशी आला की तिसऱ्या गल्लीतल्या बाया सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, टोपली शोधायला लागत. त्याच्या हाळीवर लोकांची घड्याळं चालत. तोच माणूस माझ्याकडे पाहून तोंड उघडत होता आणि आतून नुसतं "त, त, त" येत होतं. त्याची बायको शोभा म्हणाली, "भाऊ, समजते त्याहिले सारं. फक्त निंगत नाई."

बोलणं शिकवायला एक बाई येते. तिनं सांगितलं की जे माणूस रोज, विचार न करता म्हणतो, ते आधी परत येतं. वार, आरती, आकडे, शिव्यासुद्धा. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. पण नामदेव पहिल्यापासून हट्टी. बाई म्हणायची, "म्हणा काका, सोमवार," की हा भिंतीकडे तोंड करायचा. लहान पोरासारखं शिकवलेलं त्याला चालत नव्हतं. तीन आठवडे झाले तशी बाई कांताला बाजूला घेऊन म्हणाली, यांनी मनच काढून घेतलं तर मी काय करू. कांतानं त्याची हाळी स्वतः म्हणून पाहिली. त्यानं डावा हात असा झटकला की पाण्याचा गिलास पडला. दुसऱ्याच्या तोंडून ती त्याला आपली वाटत नसावी.

मग कांताला आठवलं. "बाबा, त्या जुन्या कॉम्प्युटरमंदी काकाचा आवाज हाय! म्या माइकवर घेतला होता. काकानं आनलेल्या दुसऱ्या डिस्कमंदी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पन ती तर जळाली म्हने ना?"

"पाह्यतो," म्हटलं.

"जळालेल्याले काय पाह्यसान?"

"पाह्यतो म्हनलं ना एकदा!" आणि फोन ठेवला. घाम कूलरसमोर फुटला.

ती डिस्क जळाली नव्हती. जळाली असं मी सांगितलं होतं. वीस वर्षं सांगत आलो होतो.

पेटी माळ्यावरून काढली, मधल्या खोलीत खाटेवर ठेवली. कांताची आई खाली बसून पापडासाठी उडीद निवडत होती. म्हणाली, "त्या डबड्यात आता उंदरंबी राहत नाई." मी वायर प्लगात खोचली. बटन दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि आतून तीनदा लांब टीं वाजलं. हा आवाज मला ओळखीचा. आतली मेमरीची हिरवी पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, पुन्हा बसवली. पडदा उजळला. घड्याळाच्या दुकानातून बिल्ल्यासारखा सेल आणून तोही बदलला. एवढं जमल्यावर जरा धीर यायला हवा होता, पण प्रत्येक गोष्ट जमली की पुढची जवळ यायची, आणि पुढचीचीच मला भीती.

कारण बाकी सारं जमण्यासारखं होतं. एक गोष्ट मी बिघडवली होती.

त्या उन्हाळ्यात नामदेव महिनाभर माझ्याकडे राहायला आला होता. अकोल्याचं ऊन असं की भाजी दहा वाजेपर्यंत मान टाकते, मग गाडी काढून उपयोग नाही. येताना दुपट्ट्यात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. लहान मूल धरावं तसं धरून. "भाऊ, तुह्या पेटीत जागा नाई म्हनते कांता. हे घे, दुसरी डिस्क." कुठून आणली, कशी आणली, सांगितलं नाही. कांता नाचायची बाकी राहिली.

बसवायला मात्र दुकानातल्या कारागिराला बोलवावं लागलं. माझ्याच मनाविरुद्ध. त्यानं दोन्ही डिस्का एका पट्टीसारख्या वायरला लावल्या आणि म्हणाला, "काका, एका वायरवर दोन असल्या की एक मास्टर ठेवा लागते, एक स्लेव्ह. नाही तर दोन्ही चालत नाहीत."

नामदेवनं विचारलं, "स्लेव्ह म्हंजे?"

तो सांगायला अडखळला. मग त्याला वाटलं आपण सोपं करून सांगतो. "म्हणजे... एक मालक समजा अन् एक सालदार."

आम्ही दोघां भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पण दोघांनी ऐकलं.

आमचा बाप सालदार होता. बडनेऱ्याच्या पलीकडच्या गावात, एका पाटलाच्या घरी. पाडव्याला साल लागतं, पुढच्या पाडव्याला फिटतं, आणि मधलं सारं वर्ष माणूस त्या घरचा. थंडीत गोठ्यात झोप, पावसात जागल. पोराला ताप आला तरी विचारून घरी ये. मी सहा-सात वर्षांचा असेन. बापाला डबा घेऊन गेलो होतो. ओसरीवरून कोणीतरी हाक मारली, "ए सालदार!" आणि माझा बाप धावत गेला. त्याला नाव होतं. गावात त्याच्या नावाची भजनाच्या मंडळात हाक व्हायची. पण त्या घरात त्याला नाव नव्हतं. तो मेला तेव्हा आम्हा दोघांना एवढंच सांगून गेला: दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहू नका. मग मी दुसऱ्याची जमीन ठोक्यानं, म्हणजे खंडानं केली, पुढे दीड एकर स्वतःची केली. नामदेवनं हातगाडी घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव लिहून घेतलं. एवढं मोठं की भाजीपेक्षा आधी नाव दिसावं.

आणि आता आमच्याच घरात, पत्र्याच्या पेटीत, एकाला सालदार व्हायचं होतं.

डिस्कच्या मागे काट्यांच्या बारीक जोड्या असतात. त्यातल्या एका जोडीवर इवलीशी काळी टोपी घालतात. वायरकडून पहिल्या जोडीवर टोपी असली तर मालक, दुसऱ्या जोडीवर असली तर सालदार. एवढाच फरक. कारागिरानं माझी मालक ठेवली, नामदेवची सालदार केली, आणि निघून गेला.

पहिले दोन दिवस हसण्यावारी गेलं. नामदेव सकाळी चहा पिता पिता विचारायचा, "काय मालक, माह्या सालदारानं काल काम केलं का बराबर?" मीही म्हणायचो, "कामचोर हाय थो, मालकावर गेला." कांता त्याच दिवसांत माइक लावून बसली आणि काकाकडून हाळी म्हणवून घेतली. पण उन्हाळ्यात माणसाचं डोकं तापायला वेळ लागत नाही. एके दुपारी जेवताना तो म्हणाला, "मोठा झाला म्हनून मालक झाला का तू? टोपी बदलून टाक ना. तुही कर सालदार."

मी म्हणालो, "तू आनलेली डिस्क चालते तरी माह्याच पेटीत ना?"

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की हा ओसरीवरचा आवाज आहे. पण परत कसा घेणार? मोठा भाऊ मी. त्यानं ताटात हात धुतला, पिशवी उचलली, डोक्याला दुपट्टा बांधला. कांताची आई दारापर्यंत गेली, "भाऊजी, ऊन तरी उतरू द्या." तो पायी निघाला. मी खाटेवरून उठलो नाही. कूलरकडे पाहत बसलो.

आठ दिवसांनी, घरात कोणी नसताना, पेटी उघडली. नामदेवच्या डिस्कची टोपी काढली आणि मालकाच्या जोडीवर घातली. कोणाला सांगितलं नाही. पाया पडणं मला जमलं नसतं, एवढं जमलं. म्हटलं, घ्या, दोघंही मालक. पत्रा लावला, बटन दाबलं. पडदा नुसता बसून राहिला. त्याची डिस्क नाही, माझीही नाही. पेटीला दोन मालक ओळखताच येईनात.

टोपी पुन्हा दुसऱ्या जोडीवर घालणं म्हणजे माझ्या हातानं भावाला सालदार करणं. ते मला होईना. मी त्याच्या डिस्कची वायर उपटून टाकली. कांताला सांगितलं, जळाली. कांताच्या लग्नात नामदेव आला, पाहुण्यासारखा बसला, निघताना हळूच विचारलं, "माही डिस्क चालते का, भाऊ?"

"जळाली."

त्यानं मान हलवली. त्यानंतर तो कधी माझ्या घरी मुक्कामाला राहिला नाही.

यंदा त्या खाटेशी बसून मी वायर पुन्हा जोडली. माहीत होतं तेच झालं. दोन्ही गायब. आता विचार केला तो असा: त्या वेळी नाही केलं ते आता करू. माझी टोपी काढून सालदाराच्या जोडीवर घातली. नामदेव मालक, मी सालदार. खोटं कशाला सांगू, हे करताना मला बरं वाटलं. छाती फुगली. एवढं मोठं मन आपल्याजवळ आहे याचं कौतुकच वाटलं. बटन दाबलं. पडद्यावर दोन्ही डिस्कांची नावं आली, आणि खाली इंग्रजी एक ओळ येऊन सारं थांबलं. कांताला फोनवर दाखवलं.

"बाबा, हे काय केलं तुमी? काकाच्या डिस्कमंदी विंडोज नाई. तुमची मास्टरच ठेवा लागते अन् काकाची स्लेव्ह. तशीच होती ना पहिले?"

"दुसरा काई उपाय नाई?"

"अशील बी. मले येत नाई. तुमी टोपी बदला ना, एका मिनिटाचं काम हाय. कावून अडून राहिले?"

अडून राहिलो खरा. बाहेर ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता. डिस्क एवढ्या वर्षांनी फिरत होती, किती वेळ फिरेल सांगता येत नव्हतं. फिरताना मधेच किरर्र करायची आणि माझा श्वास थांबायचा. तिकडे नामदेव भिंतीकडे तोंड करून पडलेला. आणि मी एका टोपीवर अडलेलो.

शेवटी म्हणालो, "कांते, फोन काकाजवळ ने."

फोनमध्ये त्याचा चेहरा आला. एका बाजूनं ओघळलेला. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सारं विसरलो. म्हणालो, "नाम्या, तुही डिस्क जळाली नव्हती. म्या खोटं सांगतलं. दोघाईले मालक करून ठेवलं होतं म्या, म्हनून चालत नव्हती. आता तुही सालदार केल्याबिगर उघडत नाई. करू का?"

त्याचा चेहरा हलला. खांदे हलले. फोन हलला.

"काय म्हनते?" मी ओरडलो. "कांते, काय म्हनते थो?"

"हासून राह्यले बाबा. का रडून राह्यले, काई समजत नाई. पन डावा हात असा हालवून राह्यले, चाल चाल म्हनल्यासारखा."

माझी टोपी परत जागेवर घातली. त्याची काढली. बोटं ओली झाली होती. टोपी निसटली आणि खाटेवरून खाली, कांताच्या आईच्या सुपात. काळ्या उडदात काळी टोपी. मी खालीच बसलो. अडीच किलो उडीद आणि त्यात उडदाएवढी टोपी. मला ना दिसत होतं ना सुचत होतं. मी सुपात हात घातला तशी तिनं हातावर चापट मारली.

"सरका तिकडं. खडे कोन निवडते या घरात?"

डोळ्यांनी तिनं पाहिलंच नाही. सूप मांडीवर घेऊन बोटं फिरवत राहिली, माझ्याकडे बघत राहिली. "वीस वर्षं मले बी जळालीच सांगतलं," ती म्हणाली. तिची बोटं थांबली. "घ्या तुमची टोपी."

या वेळी दोन्ही आल्या. मालकाखाली सालदार. माउसचा गोळा अडकत होता, तो काढून पुसला. कांता फोनवरून सांगत होती, वरचं दाबा, आता खालचं, आता दोनदा. काकाच्या आवाजाची फाईल सापडली तशी मी तिचा फोन बंद केला, रेकॉर्डिंग लावलं, फाईल उघडली आणि माझा फोन पेटीच्या छोट्या स्पीकरला टेकवून धरला, श्वास रोखून. आधी खरखर. मग कांताचं लग्नाआधीचं हसणं. मग माझाच आवाज, आतापेक्षा तरुण आणि करडा: "जोरात म्हन ना बे, कोनाले भेतं!" आणि मग नामदेव. कांताच्या आईनं सूप खाली ठेवलं.

आवाज फोनमध्ये घेतला. दोनदा घेतला. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर डिस्क टकटक करायला लागली आणि थांबली. ती पुन्हा फिरली नाही.

कांता म्हणाली पाठवून द्या व्हॉट्सअपवर. मी नाही पाठवला. बडनेऱ्याहून गाडी धरली. डब्यात उभा होतो, शर्टाच्या खिशावर हात ठेवून. हे पुसलं गेलं तर? फोन पडला तर? आणि सर्वांत मोठी भीती ही की सारं नीट होईल, तो आवाज ऐकेल, आणि तरीही भिंतीकडे तोंड करील. मग माझ्याजवळ करण्यासारखं काही उरणार नव्हतं.

नामदेव उशीला टेकून बसला होता. शोभा पायाशी, कांता दाराशी. मी काही प्रस्तावना केली नाही. फोन त्याच्या कानाजवळ धरला.

"ए मेथीऽऽ... पालऽऽक... आली वो बाई ताजी... चवळीऽऽ... आंबट चुकाऽऽ..."

एवढ्यात आवाज कापला गेला. त्या वेळच्या त्या कॉम्प्युटरमध्ये एका मिनिटाच्या वर आवाज मावत नसे, हे कांतानं नंतर सांगितलं. मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. पुन्हा लावला. पुन्हा तिथंच तुटला. नामदेवच्या कपाळाला आठी पडली. आपली हाळी अशी अर्ध्यात तोडलेली त्याला खपत नव्हती, हे मला दिसत होतं. तिसऱ्यांदा लावला.

"...चवळीऽऽ... आंबट चुकाऽऽ..."

खोलीत कूलरच काय तो आवाज करत होता. नामदेवचा ओठ डावीकडे ओढला गेला. गळ्याची शीर वर आली.

"सां..." तो म्हणाला. "सां... भार."

शोभाचा हात तोंडावर गेला. कांता पुढे यायला लागली, मी हातानं थांबवलं. मी त्याचा भाऊ. मला माहीत आहे त्याच्याशी कसं बोलायचं. मी कानामागे हात धरला आणि तोंड वाकडं केलं.

"काय म्हनलं बे? मले काई आयकू नाई आलं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की खाऊन टाकील. मग मान वर केली, डावा हात खाटेवर आपटला आणि तिसऱ्या गल्लीत जावं एवढ्या मोठ्यानं ओरडला, "सांभाऽऽर!"